द्राक्षावरच्या भुरीसाठी लवंग-ओव्याचे तेल: पाने का करपली आणि तेल वापरायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा: निफाड भागातली थॉमसन वाणाच्या द्राक्षांची बाग, गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होऊन सव्वीस दिवस झालेले. पानांवर भुरीचे (पिठासारख्या पांढऱ्या बुरशीचे) पहिले ठिपके दिसले. सोळा लिटरच्या बॅटरी पंपात लिटरला ३ मिली लवंग तेल आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकून सकाळी अकराला फवारणी केली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पंपाच्या सुरुवातीच्या वेलींची कोवळी पाने करपलेली, आणि शेवटच्या वेलींवर भुरी जशीच्या तशी. तेल भेसळीचे होते का? आणि बुरशीसाठी अशा तेलांवर विसंबायचे की नाही?

तेल भेसळीचे असेलही, पण तुम्ही सांगितलेली खूण भेसळीची नाही. पंपाच्या सुरुवातीला करपायचे आणि शेवटी काहीच घडायचे नाही, याचा अर्थ तेल पाण्यात मिसळलेच नव्हते. घरी काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि त्यात लवंग तेलाचे चार थेंब सोडा. ते तळाला जाऊन पिवळसर मण्यांसारखे बसतात. लवंग तेल पाण्यापेक्षा जड आहे, घनता साधारण १.०४ ते १.०६. दालचिनीचे तेलही तसेच बुडते. बॅटरी पंप पाणी तळातून ओढतो आणि आत ढवळणारे काही नसते. तुमच्या पंपात ४८ मिली तेल होते. त्यातले निम्मे जरी पहिल्या चार लिटरांबरोबर गेले, तरी त्या वेलींना लिटरला ६ मिली बसले. शेवटच्या वेलींना पावडरीचे पाणी मिळाले.

ओव्याचे तेल घेतले असते तर उलटे झाले असते. ओवा (घनता ०.९१ ते ०.९३), गवती चहा (०.८९ च्या आसपास) आणि संत्र्याच्या सालीचे तेल (०.८४) ही सगळी तरंगतात. मग पंपाचे शेवटचे दोन लिटर जाळतात आणि सुरुवातीच्या वेलींना तेल मिळतच नाही. बागेत करपलेली झाडे पंपाच्या कोणत्या टोकाला आहेत ते पाहिले, तर तेल जड होते की हलके तेही कळते.

पावडरीने दुसरे नुकसान केले. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, क्षार असतात. त्याने पानावरचा मेणाचा थर सुटतो आणि तेल सरळ पेशीत शिरते. लवंग तेल काही टक्क्यांच्या तीव्रतेने परदेशात तणनाशक म्हणूनही विकले जाते, हे ध्यानात ठेवा. औषध आणि तणनाशक यांत फरक फक्त मात्रेचा, आणि मिसळण नीट नसेल तर एकाच पंपात दोन्ही सापडतात. त्यात अकराचे ऊन.

आता मिसळण. तेल पाण्यात बारीक फोडून धरून ठेवणारा पदार्थ लागतो, त्याला आपण इमल्सिफायर म्हणतो. सगळ्यात निर्धोक पॉलिसॉर्बेट-८०, बाजारात ट्वीन-८० नावाने मिळणारे. मधासारखा दाट, पिवळा द्रव असतो. त्याच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून बोअरच्या जड पाण्यातही तो फुटत नाही. पोटॅशियम साबण चालतो, पण फक्त हलक्या पाण्यात. जड पाण्यातला कॅल्शियम त्याला धरतो, वर पांढरी साय येते, तीच नोझलात अडकते आणि तेल पुन्हा मोकळे होते. ज्या पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यात साबणाच्या भरवशावर तेल घालू नये.

सोळा लिटरच्या पंपासाठी ओव्याचे तेल २० मिली आणि पॉलिसॉर्बेट ३० मिली घ्या. म्हणजे तेल लिटरला सव्वा मिली पडते. काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या भांड्यात दोन्ही एकत्र करा. या वेळी पाण्याचा एक थेंबही नको. काडीने दोन-तीन मिनिटे ढवळा, मिश्रण पारदर्शक, एकजीव दिसले पाहिजे. मग कोमट पाणी बारीक धारेने, ढवळत ढवळत घाला. पहिल्या पन्नासेक मिलीला ते एकदम घट्ट होईल, जवळजवळ खळीसारखे. इथे बरेच जण घाबरून भसकन पाणी ओततात आणि सगळे फसते. ढवळत राहा. अजून थोडे पाणी गेले की घट्टपणा मोडतो आणि द्रव पांढरट होऊन पातळ व्हायला लागतो. एक लिटर होईपर्यंत असेच वाढवा. पंपात अर्धे पाणी भरा, हे एक लिटर ओता, वरून उरलेले पाणी घाला. तेल आधी पाण्यात टाकून मग इमल्सिफायर ओतला तर थेंब मोठे राहतात. साहित्य तेच, क्रम चुकला की काम गेले.

फवारण्याआधी एक तपासणी कराच. तयार द्रावण पाण्याच्या पारदर्शक बाटलीत भरून तासभर सावलीत उभे ठेवा. वर तेलाची चमकती कडी किंवा तळाला मणी दिसले, तर ते द्रावण बागेत नेऊ नका. हलकी पांढरी साय वर आली आणि बाटली दोनदा उलटी केल्यावर मिसळली, तर चालेल, फक्त पंप दर दहा मिनिटांनी हलवावा लागेल. जास्त दाबाचा एचटीपी पंप असेल तर परतीच्या पाइपाचे तोंड टाकीच्या तळाशी ठेवा, ढवळायचे काम आपोआप होते. तयार द्रावण त्याच दिवशी संपवायचे, उद्यासाठी ठेवायचे नाही.

तेल कोणते निवडावे, हे त्यातल्या घटकावर ठरते. ओव्याच्या तेलात थायमॉल असते, साधारण ३५ ते ६० टक्के. लवंग तेलात युजेनॉल, सत्तर-पंचाऐंशी टक्के. ही दोन्ही फिनॉल वर्गातली. ती बुरशीच्या पेशीच्या पडद्यात घुसतात, पडदा गळका होतो, आतले क्षार बाहेर झिरपतात आणि पेशी मरते. त्यांच्या जवळपास दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड आणि गवती चहातला सिट्राल. सिट्राल उन्हात लवकर मोडतो. पुदिना, सिट्रोनेला यांचा जोर त्याहून कमी. निलगिरीकडून बुरशीसाठी फार अपेक्षा ठेवू नये, वास कितीही उग्र असला तरी. संत्र्याच्या सालीच्या तेलाचा मामला वेगळा आहे. त्यातले लिमोनीन फारसे विषारी नाही, पण ते भुरीचे उघडे धागे सुकवून टाकते, म्हणून भुरीवर चालते आणि बाकी बुरशींवर तितके नाही.

लवंगीचे तेल घ्यायचेच असेल तर पानांपासून काढलेले घ्या. कळीच्या तेलापेक्षा स्वस्त असते आणि युजेनॉल त्यातही भरपूर असते. कळीचा मोहक वास द्राक्षाच्या पानाला नको असतो.

भेसळीबद्दल विचारले आहे म्हणून दोन घरगुती परीक्षा. पहिली टिपकागदाची: एक थेंब टाकून कागद वाऱ्यावर ठेवा. ओवा, गवती चहा, संत्रा यांचा डाग काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत उडून जातो. तेलकट कडी कायम राहिली तर त्यात खाद्यतेल किंवा खनिज तेल आहे. लवंग तेल मुळातच सावकाश उडते, त्याला जास्त वेळ द्या. दुसरी परीक्षा फक्त ओव्याची. थोडे तेल फ्रीजमध्ये ठेवा. थायमॉल भरपूर असेल तर बहुधा काचेसारखे खडे धरते. ओव्याचे फूल म्हणून जे विकतात ते हेच. हे खडे आधीच काढून घेऊन उरलेले पातळ तेल विकण्याची जुनी रीत आहे. अशा तेलाला वास ओव्याचाच येतो, पण बुरशीसाठी त्यात दम नसतो. मोठी खरेदी असेल तर विक्रेत्याकडून त्या बॅचचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागा आणि त्यात थायमॉलचा टक्का पाहा. अहवाल देत नसेल तर दुसरे दुकान.

ओवा घरचाच आहे, उकळून फवारला तर काय, असेही लोक विचारतात. बियांत तेल दोन ते चार टक्के असते. पंपाला मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम ओवा घेतला तर फार तर दोन ग्रॅम तेल मिळेल, आणि उघड्या पातेल्यात उकळले तर तेही वाफेबरोबर जाते. घरभर जो वास सुटतो ते तुमचे औषध उडून चाललेले असते. वरच्या २० मिलीसाठी अर्धा ते एक किलो ओवा बंद भट्टीत वाफेवर काढावा लागतो. काढा, दशपर्णी अर्क यांचे गुण आपापल्या जागी, पण त्यांना सुगंधी तेल समजून मात्रा लावू नका.

भुरीवर तेल चालते आणि केवडा, म्हणजे डाऊनी, या दुसऱ्या रोगावर का चालत नाही, हे समजून घेतले की निम्मे पैसे वाचतात. भुरीचे जाळे पानाच्या वर पसरलेले असते. ती फक्त बारीक चूषके पानाच्या वरच्या पेशींत घालून अन्न ओढते. थेंब पानावर पडला की तिच्या अंगावरच पडतो. डाऊनी पानाच्या आत, पेशींच्या मधून वाढते. पानाखाली पांढरी लव दिसते तेव्हा आतले काम होऊन गेलेले असते. तेल आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरून पसरणारे, नाही; आत जाऊन ते काही करत नाही, आणि आत गेलेच तर पान जाळते. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लागला, पाने रात्रभर ओली राहिली, तर डाऊनीसाठी तेलाच्या नादी लागू नका. तिथे नेहमीचे वेळापत्रक पाळा.

मातीतल्या मर रोगासाठी तेलाची आळवणीही मला पटत नाही. तेल सेंद्रिय पदार्थाला चिकटून राहते, मुळांपर्यंत नीट पोचत नाही, आणि जिथे पोचते तिथे तुम्ही पैसे देऊन सोडलेली ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशीही मारते. थायमॉलला मित्र-शत्रू कळत नाही. ट्रायकोडर्मा, बॅसिलस, ॲम्पेलोमायसिस या जैविक औषधांतले काहीही तेलाबरोबर एका टाकीत मिसळू नका. दोन्हींत किमान सात दिवस ठेवा.

गंधकाशी तर अजून जपून. ८० टक्के डब्ल्यूडीजी (पाण्यात मिसळणारे दाणे) असो की धुरळणीचा, पानावर गंधक असताना तेल पडले तर गंधक तेलातून पानात उतरतो आणि करपे येतात. आधी गंधक मग तेल, की आधी तेल मग गंधक, दोन्हीकडे दोन आठवड्यांचे अंतर. तुम्ही सव्वीस दिवसांत गंधक मारला होता का, ते लिहिलेले नाही. मारला असेल तर करपण्यात त्याचाही हात आहे. बोर्डोबरोबर (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाबरोबर) तेल मिसळू नये. जिबरेलिक या वाढीच्या संजीवकाच्या फवारणीच्या आधी-नंतर तीन-चार दिवस मोकळे सोडा, कारण इमल्सिफायरमुळे संजीवक पानात जास्त शोषले जाते आणि तुमची पीपीएमची गणिते बिघडतात.

मात्रा लिटरला १ मिलीपासून सुरू करा, दीड मिलीच्या वर द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवर जाऊ नका. नवीन बाटली, नवीन वाण किंवा बदललेले हवामान असेल तर आधी चाचणी घ्या. बांधाकडच्या वेली निवडा. एका वेलीवर १ मिली, दुसऱ्यावर दीड, तिसऱ्यावर २, आणि चौथ्यावर तेल न घालता फक्त इमल्सिफायरचे पाणी, तितक्याच मात्रेत. ही चौथी वेल लोक सोडून देतात, आणि मग करपले ते तेलाने की इमल्सिफायरने हे कधीच कळत नाही. चोवीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांनी शेंड्याकडचे तिसरे-चौथे पान पाहा. इजा आधी कडेला पाणी पाजल्यासारख्या गडद डागाने दिसते, तपकिरी नंतर होते. पान उजेडावर धरले की ओला डाग पहिल्याच दिवशी सापडतो. काकडीवर्गीय पिके द्राक्षाहून नाजूक, तिथे पाऊण मिलीपासून चाचणी सुरू करा.

फवारणी सायंकाळी, पान हाताला थंड लागायला लागल्यावर. तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तर थांबा. वेलीला पाण्याचा ताण असेल तर आधी पाणी द्या, दुसऱ्या दिवशी फवारा. तेल स्पर्शाने काम करते, म्हणून पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत, पण ओघळ येईपर्यंत नाही. ओघळून पानाच्या टोकाशी जमलेला थेंब तिथेच करपवतो. दाट मांडव असेल तर आधी बगलफुटी (पानाच्या बेचक्यातल्या फुटी) काढा. भुरीला पानावर पाणी लागत नाही, तिला सावली, दमट हवा आणि वीस ते सत्तावीस अंश पुरतात. आतली पाने झाकलेली राहिली तर भुरी तिथून पुन्हा निघते आणि दोष तेलाला लागतो.

एका फवारणीचा जोर दोन-तीन दिवस, त्यापुढे तेल उडून गेलेले असते. म्हणून पाच ते सात दिवसांनी पुन्हा. एकरी दोनशे लिटर पाणी आणि लिटरला दीड मिली धरले, तर एका वेळेला ३०० मिली तेल आणि ४५० मिली पॉलिसॉर्बेट. चार फवारण्यांचे १२०० मिली तेल. आपल्या भावाने गुणून पाहा आणि मगच ठरवा, कारण काही हंगामांत हा खर्च नेहमीच्या औषधाच्या वर जातो. लिटरला २ मिली निंबोळी तेल त्याच इमल्सिफायरात मिसळले तर सुगंधी तेल सावकाश उडते आणि निंबोळी तेल स्वतःही भुरीवर काम करते. मात्र अशा वेळी सुगंधी तेल १ मिलीवरच ठेवा आणि इमल्सिफायर एकूण तेलाच्या हिशेबाने वाढवा.

उडून जाणे हीच या तेलांची खरी अडचण. युरोपियन संघात थायमॉल, जिरॅनिओल आणि युजेनॉल यांना २०१३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यांच्यापासून बनवलेले औषध तिथे द्राक्षाच्या राखाडी बुरशीवर वापरतात, आणि त्यात तेलाचे घटक यीस्टच्या पोकळ सूक्ष्म कणांत कोंडलेले असतात. ओल मिळाली की ते हळूहळू बाहेर पडतात. म्हणजे तिथेही कसब तेलापेक्षा तेल धरून ठेवण्यात लागले आहे. आपण पंपात हाताने कालवतो ते त्या दर्जाचे होणार नाही, हे मान्य करूनच पुढे जायचे.

तुमच्या बागेत तेलाची योग्य वेळ म्हणजे पाच पानांपासून फुलोऱ्याच्या आधीपर्यंत. फुलोऱ्यात थांबा. मणी धरल्यावर एखादी फवारणी पानांपुरती चालेल. मणी सहा-आठ मिलिमीटरचे झाले की घडावर तेल पडू देऊ नका. मण्यावरची नैसर्गिक लव, ते पांढरट मेण, तेलाने आणि इमल्सिफायरने पुसले जाते, मणी चकचकीत आणि डागाळ दिसतो, आणि निर्यातीच्या पॅकिंगला तो घड बाजूला पडतो. शिवाय लवंगीचा वास मण्यात टिकून राहण्याची भीती. मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे ते पिकायला लागल्यावर, तर नाहीच.

निर्यातीचा विषय निघालाच आहे तर एक इशारा. ‘वनस्पतिजन्य, शंभर टक्के नैसर्गिक’ एवढेच लिहिलेली, घटक न सांगणारी बाटली दोन दिवसांत भुरी साफ करत असेल आणि तिचा परिणाम पंधरा दिवस टिकत असेल, तर आनंद मानू नका, संशय घ्या. वर सांगितल्याप्रमाणे तेल इतके टिकत नाही. आत एखादे आंतरप्रवाही रासायनिक बुरशीनाशक असू शकते आणि ते उर्वरित अंशाच्या तपासणीत तुमच्या नावावर निघेल. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षे अडवली गेली, ते नाशिककरांना सांगायला नको. आपल्याकडे बुरशीनाशकाची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते. लेबलवर नोंदणी क्रमांक, घटक आणि पीक पाहूनच निर्यातीच्या प्लॉटवर काही मारा.

आता तुमचे आजचे काम. करपलेली पाने तोडू नका, अर्धे हिरवे पानही घडाला अन्न देते. त्या वेलींवर दहा दिवस तेल नको आणि दोन आठवडे गंधक नको. शेवटच्या वेलींवरची भुरी आधी भिंगातून पाहा. जिवंत भुरी शुभ्र असते, बीजाणूंच्या साखळ्या उभ्या आणि पिठासारख्या दिसतात. मेलेली भुरी पानावरून नाहीशी होत नाही, ती मळकट राखाडी, चपटी होते आणि बोटाने पुसली तर खाली तपकिरी जाळी दिसते. काही वेलींवर तुम्ही ‘तशीच आहे’ म्हणता ती मेलेली असण्याची शक्यता आहे. जिवंत असेल आणि दर दहा पानांत एक-दोन पानांवर छोटे ठिपके एवढीच असेल, तर वरच्या पद्धतीने ओव्याचे तेल १ मिलीने घ्या आणि पाचव्या दिवशी पुन्हा. त्याहून पुढे गेली असेल, बगलफुटींवर, घडाच्या दांड्यावर पोचली असेल, तर तेलाने वेळ घालवू नका. शिफारशीतले आंतरप्रवाही औषध एकदा घ्या, आणि तेल त्यानंतरच्या मोकळ्या दिवसांसाठी राखून ठेवा.

उरलेले लवंग तेल गडद काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, थंड जागी ठेवा. प्लास्टिकच्या पातळ बाटलीत नको. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घाला, निव्वळ तेल कातडी भाजते. संत्र्याचे तेल थर्मोकोलही विरघळवते, आणि ही सगळी तेले पंपातले रबरी वायसर फुगवतात. म्हणून काम झाल्यावर पंपात दोन लिटर कोमट पाणी आणि चमचाभर पॉलिसॉर्बेट घालून नोझलातून बाहेर काढा, मग साध्या पाण्याने दोनदा. तुमच्या पंपाच्या तळाशी आजही लवंगीचा वास येत असेल, तर पुढच्या कोणत्याही फवारणीआधी हे धुणे आधी करा.